शिशाची मोजपट्टी

ॲरिस्टॉटलच्या 'निकोमाखसचे नीतिशास्त्र' या ग्रंथाच्या पाचव्या भागात एका साध्या अवजाराचा उल्लेख येतो. लेस्बॉस बेटावरील गवंडी शिशाची मोजपट्टी वापरीत. दगड ओबडधोबड असे. ताठ पट्टी त्यावर टेकली की मध्ये फट राही. शिसे मऊ असल्यामुळे ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वळे आणि त्याचे खरे माप देई. न्याय आणि कायदा यांचे नाते समजावताना ॲरिस्टॉटलने हा दृष्टांत एका वाक्यात दिला आहे आणि लगेच तो पुढच्या विषयाकडे वळला आहे. आमच्या मते ग्रीक तत्त्वज्ञानाने न्यायाविषयी जे काही सांगितले, त्यातील सर्वांत उपयोगी शहाणपण या एका वाक्यात साठले आहे. मराठी वाचकाने त्याच्याकडे जितके लक्ष द्यायला हवे होते, तितके मात्र दिलेले नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात राहणाऱ्यांना मोजपट्टीचा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. १९५४ साली पिंपरीत 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' स्थापन झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवड व पुढे चाकण असा कारखान्यांचा विस्तार होत गेला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), मराठवाडा, वसई, गोवा अशा ठिकाणांहून आलेली आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे याच कारखान्यांवर उभी राहिली. टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला ठाऊक असते की गेज वाकले तर माप गेले. 'गो' बाजू आत जाते की नाही आणि 'नो-गो' बाजू अडते की नाही, एवढाच प्रश्न असतो. तो भाग कोणत्या कामगाराने केला, हे गेज विचारीत नाही. हा त्याचा निर्दयपणा नव्हे, प्रामाणिकपणा होय. कायद्याची थोरवीही नेमकी हीच आहे. 'राजनीती' या ग्रंथात स्वतः ॲरिस्टॉटलनेच म्हटले आहे की माणसाच्या सत्तेपेक्षा कायद्याची सत्ता बरी, कारण कायद्याला वासना नसते. मग तोच ॲरिस्टॉटल वाकणारी पट्टी का मागतो? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी ग्रीकांचे आणखी दोन ग्रंथ वाचावे लागतात. त्यांपैकी एक नाटक आहे आणि दुसरा संवाद.

त्यापूर्वी मराठीतील ग्रीकांविषयी थोडे सांगितले पाहिजे. हा परिचय आजचा नाही. पुण्याच्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत लिहिले. गांधीजींनी १९०८ साली दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन'मधून सॉक्रेटिसाच्या न्यायालयातील भाषणाचा सारांश गुजरातीत दिला. १९१० साली मुंबई सरकारने त्या पुस्तिकेवर बंदी घातली. एका ग्रीक म्हाताऱ्याच्या भाषणाला साम्राज्य घाबरले, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. १९७९ साली पु. ल. देशपांडे यांनी सोफोक्लिसच्या ईडिपसला 'राजा ओयदिपौस' या रूपाने मराठीत आणले. १९९९ साली मकरंद साठे यांचे सॉक्रेटिसावरील नाटक 'सूर्य पाहिलेला माणूस' अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले आणि डॉ. श्रीराम लागू यांनी त्यात सॉक्रेटिस उभा केला. ही परंपरा अभिमानास्पद आहे. परंतु तिच्यामुळे सर्वसामान्य वाचकाच्या मनात जो सॉक्रेटिस राहिला, तो हातात विषाचा प्याला घेतलेला हुतात्मा आहे. त्याच्या मरणाने आपण भारावतो. मरण्यापूर्वी त्याने कायद्याविषयी जो युक्तिवाद मांडला, तो मात्र आपण क्वचितच तपासतो.

प्रथम नाटकाकडे वळू. सोफोक्लिसचे 'अँटिगनी' ख्रिस्तपूर्व ४४१ च्या सुमाराचे. थीब्झच्या गादीसाठी दोन भाऊ एकमेकांच्या हातून मारले जातात. नवा राजा क्रेऑन नगराच्या बाजूने लढलेल्या भावाला सन्मानाने मूठमाती देतो. परकी फौज घेऊन आलेल्या दुसऱ्या भावाचे प्रेत मात्र उघड्यावर टाकण्याचा हुकूम काढतो. त्यांची बहीण अँटिगनी हा हुकूम मोडून भावाच्या देहावर माती टाकते. देवाचे अलिखित नियम राजाच्या हुकमाहून थोर आहेत, अशी तिची भूमिका. आपल्यासारख्या वाचकाचे मन साहजिकच तिच्याकडे धावते. मृताला मूठमाती देणे हे दयेच्या कृत्यांपैकी एक, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आहोत.

परंतु क्रेऑनला खलनायक ठरवून हे नाटक मिटले तर त्याचा गाभा हातचा जातो. नगर नुकतेच युद्धातून वाचले आहे, फितुरीचे भय ताजे आहे, आणि राजाने कायदा नात्यागोत्याकडे पाहून मोडू नये हा क्रेऑनचा आग्रह चुकीचा नाही. अँटिगनी त्याची भाची आहे, त्याच्या मुलाची वाग्दत्त वधू आहे. तिला सोडले तर लोक वशिला म्हणतील. आपल्या देशात वशिल्याने पोखरलेली कार्यालये ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना क्रेऑनची ही बाजू समजली पाहिजे. त्याचा दोष कायदा करण्यात नाही. समोर आलेला दगड कोणत्या आकाराचा आहे, हे पाहण्याचे तो नाकारतो, आणि तेथे त्याचे चुकते.

हे त्याला त्याचा मुलगा हेमॉन सांगतो. हेमॉनचे भाषण या नाटकातील सर्वांत शहाणे भाषण आहे, असे आम्हांला वाटते. पुराच्या काठची जी झाडे वाकतात त्यांच्या फांद्या वाचतात आणि जी ताठ राहतात ती मुळासकट जातात, असे तो बापाला विनवतो. मराठी वाचकाला येथे तुकोबांच्या लव्हाळ्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ते तुकोबा याच औद्योगिक पट्ट्याच्या कडेला, इंद्रायणीकाठी देहूत राहिले. दृष्टांत जवळपास एकच, पण रोख वेगळा आहे. तुकोबा लहानपण देवाकडे स्वतःसाठी मागतात. हेमॉन वाकायला सांगतो ते राजाला. आपल्या समाजात तुकोबांचा अभंग पुष्कळदा आधीच वाकलेल्या माणसाला सुनावला जातो. हेल्परने नमते घ्यावे, सुनेने नमते घ्यावे, भाडेकरूने नमते घ्यावे. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याने वाकावे, ही हेमॉनची मागणी म्हणून मोलाची आहे. संताच्या वाणीचा असा सोयीचा उपयोग करणाऱ्यांना तिने उत्तरही मिळते.

क्रेऑन अखेर वाकतो, पण उशिरा. तेव्हाही आधी मुलीची सुटका कर आणि मग प्रेताला मूठमाती दे, असा सल्ला वृद्ध मंडळी देतात. तो उलट करतो. प्रथम प्रेताचे संस्कार उरकतो आणि मग अँटिगनीला कोंडलेल्या गुहेकडे जातो. तोवर तिने गळफास घेतलेला असतो. चूक कळल्यावरही जिवंत माणसाआधी प्रकरणाचा निकाल लावणारा हा राजा सोफोक्लिसने फार बारकाईने रंगवला आहे.

आता संवादाकडे येऊ. ख्रिस्तपूर्व ३९९ साली अथेन्समध्ये सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसाला मृत्युदंड झाला. शिक्षा अमलात येण्यापूर्वी त्याचा जुना मित्र क्रिटो पहाटे तुरुंगात येतो. पळून जाण्याची सिद्धता झाली आहे, पैशांची अडचण नाही, थेसलीत आश्रय मिळेल, असे तो सांगतो. सॉक्रेटिस नकार देतो. आपण पळालो तर अथेन्सचे कायदे माणसासारखे समोर उभे राहून काय विचारतील, याची तो कल्पना करतो. आमच्या छायेत तू जन्मलास, शिकलास, संसार केलास. आम्ही पटत नसू तर चीजवस्तू घेऊन निघून जाण्याची तुला मोकळीक होती. तू राहिलास, म्हणजे तू आमच्याशी करारच केलास. तर आता आमचे म्हणणे ऐक, किंवा आमचे कोठे चुकते ते आम्हांला पटवून दे.

'क्रिटो' हा संवाद अनेकदा आज्ञाधारकपणाचा पाठ म्हणून शिकवला जातो. आम्हांला हे वाचन अपुरे वाटते. एक तर कायदे दोन पर्याय देतात, ऐकणे किंवा पटवणे. पटवण्याचा पर्याय गाळला की उरते ती गुलामगिरी. दुसरे म्हणजे हाच सॉक्रेटिस न्यायालयात सांगून चुकला आहे की तीस जुलमी सत्ताधाऱ्यांनी सलामिसच्या लिऑनला पकडून आणण्याचा हुकूम दिला तेव्हा आपण तो पाळला नाही, आणि तत्त्वचिंतन थांबवण्याच्या अटीवर सुटका मिळाली तरी आपण ती अट पाळणार नाही. म्हणजे अन्याय सोसावा, पण अन्याय करण्याचा हुकूम पाळू नये, अशी त्याची मर्यादा आहे. तिसरे, संवादाच्या अखेरीस कायदेच कबूल करतात की सॉक्रेटिसावर अन्याय झाला आहे, मात्र तो कायद्यांनी नव्हे, माणसांनी केला आहे. नियम आणि नियम लावणारा यांतील हा भेद प्लेटोने अचूक पकडला आहे.

तरीही या युक्तिवादाचा एक खांब आम्हांला डळमळीत वाटतो. तो म्हणजे संमती. जाण्याची मोकळीक होती आणि तू राहिलास, म्हणून तू मान्यता दिलीस, हे म्हणणे अथेन्सच्या स्वतंत्र नागरिकाला लागू पडेल. चाकणच्या रस्त्यावर सकाळी ठेकेदाराच्या गाडीची वाट पाहणाऱ्या कंत्राटी कामगाराला ते तसेच लागू पडेल काय? त्यानेही कागदावर सही केलेली असते. त्यालाही सोडून जाण्याची मोकळीक असते. पण खोलीचे भाडे, गावाकडचे कर्ज आणि मुलांची शाळा पाठीशी असताना ती मोकळीक किती उरते? सहीमागे जेवढे स्वातंत्र्य, तेवढेच त्या सहीचे नैतिक वजन, असे आम्ही मानतो. प्लेटोला हा प्रश्न पडला नाही. तो पडायला हवा होता, कारण 'रिपब्लिक'च्या पहिल्याच भागात थ्रॅसिमॅकसच्या तोंडून त्याने सांगितले आहे की न्याय म्हणजे बलवानाचे हित. हे मत प्लेटोने खोडून काढले, परंतु त्यामागील अनुभव खोटा नव्हता.

'अँटिगनी'त माणूस कायद्याविरुद्ध उभा राहतो, 'क्रिटो'त कायद्यापुढे मान तुकवतो. दोन्ही ठिकाणी माणूस मरतो. ॲरिस्टॉटलला तिसरी वाट दिसली, म्हणून तो आम्हांला महत्त्वाचा वाटतो. कायदा सर्वांसाठी बोलतो, म्हणून तो सर्वसाधारणच बोलणार. आयुष्य मात्र एकेका प्रसंगाने समोर येते. तेव्हा एखाद्या प्रसंगी नियम तोकडा पडला तर दोष नियमाचा नाही, नियम करणाऱ्याचाही नाही. तो विषयाच्या स्वभावातच आहे. अशा वेळी नियमकर्ता स्वतः येथे हजर असता तर काय म्हणाला असता, हे विचारून उणीव भरून काढावी. या गुणाला ग्रीकांनी दिलेले नाव ख्रिस्तसभेच्या परंपरेत 'एपिकिया' म्हणून आले. मराठीत त्यासाठी कायद्याच्या पुस्तकांतून 'समन्याय' हा शब्द आहे, पण तो लोकांच्या तोंडी नाही. आपल्या जुन्या बोलीतला 'तारतम्य' हा शब्द आम्हांला अधिक जवळचा वाटतो.

तारतम्य म्हटले की कोणी म्हणेल, ही तर पळवाट झाली. ज्याची ओळख त्याच्यासाठी नियम वाकणार. ॲरिस्टॉटलचा दृष्टांत येथे नीट वाचला पाहिजे. शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वळते, गवंड्याच्या मर्जीप्रमाणे नव्हे. वशिला पट्टी वाकवतो तो माणसाकडे पाहून. तारतम्य तिला वाकू देते ते प्रसंगाकडे पाहून. शिवाय तारतम्य असलेल्या माणसाची ॲरिस्टॉटलने एक खूण सांगितली आहे. कायदा आपल्या बाजूने असतानाही तो हक्कापेक्षा थोडे कमी घेऊन समाधान मानतो. स्वतःच्या लाभासाठी वाकवलेला नियम या कसोटीवर लगेच उघडा पडतो. 'वक्तृत्वशास्त्र' या ग्रंथात तो पुढे सांगतो की कृत्यापेक्षा हेतूकडे, एका भागापेक्षा संपूर्ण गोष्टीकडे आणि माणूस आज कसा वागला यापेक्षा एरवी तो कसा वागत आला याकडे पाहावे.

हे शहाणपण नसले की काय होते, याची सर्वांत वेदनादायक मराठी कथा पिंपरी आणि चाकण यांच्या मधल्या आळंदीची आहे. परंपरा सांगते की विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, आणि ते विवाहित आहेत हे कळताच गुरूंनीच त्यांना पुन्हा संसारात जाण्याची आज्ञा केली. संन्याशाने परतू नये या नियमामागचा हेतू उघड होता. मन बदलणाऱ्यांपासून त्या आश्रमाचे पावित्र्य राखायचे होते. पण येथे परतवणारा गुरू होता. नियम घडवणाऱ्यांनी हा दगड पाहिलेला नव्हता. शास्त्रींनी ताठ पट्टी टेकली आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले. आईबापांनी देहत्याग केला, आणि ज्यांचा काडीमात्र अपराध नव्हता त्या चार मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली. त्याच ज्ञानदेवांनी १२९० साली 'ज्ञानेश्वरी' पूर्ण करताना पसायदानात दुष्टांच्या नाशाची मागणी केली नाही, त्यांचे वाकडेपण जावे एवढेच मागितले. नियमाने ज्याला पोरके केले त्याने असे मागावे, यात न्यायाच्या पुढे गेलेले शहाणपण आहे. ग्रीकांकडे याला तोड आम्हांला सापडलेली नाही.

ग्रीकांचा हा वारसा आपल्या घरातही आहे, याची आपल्याला पुष्कळदा जाणीव नसते. आपल्या बायबलमधील शलमोनाच्या नावाचा ज्ञानग्रंथ मुळात ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्याच्या आठव्या अध्यायात संयम, विवेक, न्याय आणि धैर्य हे चार सद्‌गुण एकत्र येतात. प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये सांगितलेले चार सद्‌गुण हेच. धर्मशिक्षणात मुले ते पाठ करतात तेव्हा नकळत प्लेटोशीही बोलत असतात. संत थॉमस आक्विनास यांनी 'एपिकिया'ला स्पष्टपणे सद्‌गुणांत जागा दिली. वेड लागलेल्या माणसाने ठेव म्हणून दिलेली तलवार त्याने मागताच परत करावी काय, हे त्यांचे उदाहरण आहे, आणि तसाच प्रश्न 'रिपब्लिक'च्या पहिल्या भागात सॉक्रेटिसाने विचारलेला आहे. १९८३ च्या ख्रिस्तसभा विधिसंहितेचे शेवटचे, म्हणजे १७५२ वे कलमही समन्यायाची आठवण देते आणि आत्म्यांचे तारण हाच सर्वश्रेष्ठ कायदा, असे सांगून संपते.

आपल्या देशाच्या कामगार कायद्यातही शिशाची पट्टी आहे. १९७१ साली औद्योगिक विवाद कायद्यात '११ अ' हे कलम घालण्यात आले. बडतर्फीची शिक्षा योग्य नाही असे वाटल्यास ती रद्द करून सौम्य शिक्षा देण्याचा अधिकार त्याने कामगार न्यायालयाला दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली असली, तरी तशी तरतूद तीतही आहे. समजा, रात्रपाळीत पॉवर प्रेसवर एका कंत्राटी मुलाची बोटे चिरडली आणि शेजारचा जुना कामगार गेटपासची वाट न पाहता त्याला घेऊन रुग्णालयात धावला. परवानगीशिवाय कामाची जागा सोडणे हे स्थायी आदेशांत गैरवर्तन आहे, आणि ते असलेही पाहिजे, नाहीतर कारखाना चालणार नाही. पण हा नियम लिहिणारा त्या रात्री त्या प्रेससमोर उभा असता तर त्याने काय सांगितले असते? चौकशी अधिकाऱ्याने हा एक प्रश्न विचारला, तर कामगाराला दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत.

मात्र ॲरिस्टॉटलकडून शिकताना त्याचा अपराधही नोंदवला पाहिजे. 'राजनीती'च्या पहिल्या भागात त्याने गुलामाला सजीव अवजार म्हटले आणि काही माणसे जन्मतःच गुलाम असतात असे प्रतिपादले. ज्याने वाकणारी पट्टी शोधली, त्याने ती गुलामाला कधी लावलीच नाही. त्याच्या लेखी तो दगड भिंतीत धरायचाच नव्हता. हा दोष त्या काळाचा म्हणून सोडून देता येणार नाही, कारण आपणही 'मनुष्यबळाचा पुरवठा' असे शब्द सहज वापरतो आणि वरच्या प्रसंगातल्या जखमी मुलाचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर आहे की ठेकेदाराच्या, हे आधी विचारतो. तारतम्य कोणासाठी वापरायचे याची यादीच अपुरी असेल, तर तारतम्यही अन्यायाच्या कामी येते. प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे, ही आपली श्रद्धा ॲरिस्टॉटलच्या यादीला पडलेले मोठे भगदाड बुजवते. ती आपण कारखान्याच्या फाटकाबाहेर ठेवून आत जात असू, तर दोष ग्रीकांचा राहत नाही.

रविवारच्या मिस्सेला एकाच बाकावर कामगार संघटनेचा कार्यकर्ता, पर्सोनेल विभागातील अधिकारी, निवृत्त सुपरवायझर आणि ठेकेदाराकडचा तरुण शेजारी शेजारी बसलेले असतात. त्यांच्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या हाती आठवडाभर कोणती तरी मोजपट्टी असते. त्या सर्वांनी हे तीन ग्रीक ग्रंथ वाचावेत, अशी आमची शिफारस आहे. 'अँटिगनी' प्रथम, 'क्रिटो' त्यानंतर आणि 'नीतिशास्त्रा'च्या पाचव्या भागातील दहावे प्रकरण शेवटी. तिन्ही मिळून दोन संध्याकाळींचे वाचन आहे. भाग मोजताना पट्टी लोखंडाचीच असावी. माणूस मोजताना ती शिशाची लागते, आणि वाकण्याची सुरुवात ज्याच्या हाती ती आहे त्याच्याकडून व्हावी लागते. क्रेऑनला हे कळले तेव्हा गुहेत कोणी जिवंत उरले नव्हते. आपल्याला ते चौकशीच्या पहिल्या दिवशी कळले, तर हे वाचन वाया गेले नाही असे म्हणता येईल.